दर्यातलं कुलूप

“साहेब, सांगतो त्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचा बसला नाही, आणि ती तर आमच्या भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवते,” असं म्हणून लवू धुरीने संचालकांसमोरची खुर्ची पुढे ओढली आणि कुणी बसा म्हणण्याची वाट न बघता तिच्यावर बसला.

छप्पन सालचा शिमगा तोंडावर आलेला. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला एका भुसारी दुकानावर माडी होती, त्या माडीवर बँक, आणि बँकेच्या मागच्या अंगाला ही सभेची खोली. खाली मिरच्यांची पोती उतरत असत. त्यामुळे बँकेच्या स्थापनेपासून एकही ठराव शिंकेवाचून मंजूर झालेला नव्हता.

टेबलापलीकडे तिघे होते. मध्ये अध्यक्ष भाऊसाहेब पाठारे, लाकडाच्या वखारीचे मालक. पानाचा डबा आणि रंगलेली गोष्ट यांतलं एक सोडायची वेळ आली असती तर त्यांनी वखार सोडली असती. उजवीकडे संचालक विजयकर वकील. त्यांना गोष्टीपेक्षा उलटतपासणी आवडे. डावीकडे मॅनेजर रांगणेकर. त्यांना दोन्ही आवडत नसत, फक्त सभा वेळेत संपलेली आवडे.

“धुरी, तुम्हाला गोष्ट सांगायला बोलावलेलं नाही,” विजयकर म्हणाले. “प्रश्न साधा आहे. कर्जखात्याची जागा रिकामी होतेय. अर्ज दोन. एक तुमचा, एक माझ्या साडूच्या मुलाचा. तो बी. कॉम. आहे. तुम्ही मॅट्रिक आणि बारा वर्षं कॅशियर. तुमच्या बाजूने सांगण्यासारखं एकच कर्ज आहे, वेसाव्याच्या होडीच्या इंजिनाचं. ते देताना ठराव काय झाला होता? इंजिनाला कुलूप बँकेचं, चावी तुमच्याकडे, आणि होडी पाण्यात असेल तेव्हा तुम्ही स्वतः होडीत. खरं ना?”

“अगदी खरं.”

“मग होतात का होडीत? हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

हो म्हटलं की कर्जखात्याचं टेबल लवूचं. नाही म्हटलं की साडूच्या मुलाचं, आणि लवू निवृत्त होईपर्यंत कॅशियरच्या पिंजऱ्यात. इतकं सोपं होतं ते. पण एका अक्षराचं उत्तर देताना जीभ अडखळली तर लगेच पकडली जाते. तासाभराच्या उत्तरात तिला दम घ्यायला जागा सापडते. लवूने कोटाची बटणं लावली.

“आधी मी होडीपर्यंत पोचलो कसा ते ऐका,” तो म्हणाला.

“ऐकू की,” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा उघडला.

पिंजरा म्हणजे कॅशियरची जाळीची खोली. तिला समोर एक कमानीची खिडकी, हात आत येईल एवढीच. बारा वर्षं लवूने अंधेरी पाहिली ती हातांची. बांगड्यांचे हात, शाईचे हात, पिठाचे हात, नोट देताना थरथरणारे आणि घेताना न थरथरणारे हात. तोंड पाहायचं तर मान वाकडी करावी लागे, आणि मान वाकडी केली की मागचा माणूस म्हणे, “ओ कॅशियर, झोपलात का?”

पिंजऱ्याचं त्याला दुःख होतं ते वेगळंच. कॅशियर पैसे देतो, पण ज्याचे त्यालाच. त्यात देणं कसलं आलं? कर्जखात्यातला माणूस अजून न झालेल्या गोष्टीला पैसे देतो. अजून न बांधलेल्या दुकानाला, अजून न शिवलेल्या कपड्याला. अजून न झालेल्या गोष्टी हा लवूचा लहानपणापासूनचा विषय होता. मालवणात शाळेच्या मास्तरांनी त्याला त्यापायीच मारलं होतं.

गुंदवलीच्या दोन खोल्यांत एकदा त्याने हे बायकोला सांगितलं. रत्नप्रभा तांदूळ निवडत होती.

“तुका काय कमी आसा त्या पिंजऱ्यात?” ती म्हणाली. “सावली आसा, पंखो आसा, पगार येळेर येता.”

“माका अशी खुर्ची व्हयी, जिच्यासमोर दुसरी खुर्ची आसता.”

“मगे जेवूक खंय बसतलंस? आपल्या घरात एकय खुर्ची नाय.”

पण दुसऱ्या दिवशी त्याचा कोट तिने इस्त्री करून ठेवला, आणि लवू रांगणेकरांपुढे जाऊन उभा राहिला. रांगणेकर म्हणाले, “कर्जखातं पाहिजे? मग एक कर्जदार आणून दाखवा. खात्रीचा, मालाचं तारण देणारा. पाण्यातला माणूस नको म्हणजे झालं.”

लवूने शोधून पाण्यातलंच माणूस आणलं.

त्याच्या खिडकीत आठवड्यातून एकदा एक हात येई. काळा, कणखर, मनगटापर्यंत मासळीच्या चंदेरी खवल्यांचा. त्या हातातल्या नोटा ओल्या असत. त्या वाळवून, सरळ करून, फाटक्या बदलून लवू परत देई. एके दिवशी त्याने मान वाकडी केली आणि त्या हाताची बाई पाहिली. ती वेसाव्याची जानकी. त्या रविवारी तो चालत वेसाव्याला गेला.

जानकी बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली जाळ्याचं भोक सांधत बसली होती. शेजारी तिचा नवरा, होडी हाकणारा धोंडू तांडेल, वल्ह्याला तेल लावत होता. तो दिवसभरात मोजके शब्द बोलायचा, आणि त्यांतले बरेच वाऱ्याविषयी असायचे.

“इंजिन का घेत नाही तुम्ही?” लवूने विचारलं. “शेजारच्यांनी घेतलंय.”

“घेतलंय तं दलालाच्या पैशानं घेतलंय,” जानकी म्हणाली. “ज्याचं इंजिन त्याचा म्हावरा. भाव तो बोलंल तो. होरी आपली, दर्या आपला, नि पापलेट त्याचा. तुझी बँक म्हावरा खाते काय?”

“नाही. व्याज खाते.”

“काट्यासकट?”

“काटे मी काढतो,” लवू म्हणाला.

जानकीने पहिल्यांदा जाळ्यातून मान वर केली. “धोंडू, हा खोटा बोलतंय, पन बरा बोलतंय,” ती म्हणाली. धोंडूने वाऱ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे ठरलं.

संचालकांपुढे ते ठरायला मात्र तीन सभा लागल्या. बँकेचा नियम होता की तारण माल बँकेच्या कुलपात आणि बँकेच्या माणसाच्या नजरेखाली हवा. तो नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मिरच्यांची पोती होती. पोती पळत नाहीत. वखारीत लाकूड असतं, तेही पळत नाही. इंजिन मात्र घेतल्याबरोबर पळणार, आणि तेही समुद्रात. शेवटी विजयकर वकील चिडून म्हणाले, “मग असं करा, बँकेचा माणूसच होडीत बसवा.” ते थट्टेने म्हणाले होते. लवूने उभं राहून “मंजूर” म्हटलं, भाऊसाहेब हसले, खालून मिरचीचा भपकारा आला, दोघे शिंकले आणि ठराव पास झाला.

इथपर्यंत सारं जसंच्या तसं घडलं होतं. पुढचं लवूच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

“नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची,” लवू म्हणाला. “इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल असतं, ते मी साखळीने बांधलेलं. साखळीला आपलं पितळी कुलूप. चावी माझ्या गळ्यात, जानव्यासारखी. होडीच्या अंगाला बँकेची पाटी. आता कोळीवाड्यात प्रत्येक गोष्टीची पूजा होते, साहेब. वल्ह्याची झाली, जाळ्याची झाली, इंजिनाची झाली. मग बायका कुलपाकडे वळल्या. म्हणाल्या, हा नवा देव कोन? हळद घातली, कुंकू घातलं, तांदूळ घातले, नारळाचं पाणी घातलं. आणि सगळं घातलं कुठे, तर चावीच्या भोकात.”

भाऊसाहेब हसायला लागले.

“सगळ्या होड्या सुटल्या आणि आमचं कुलूप काही उघडेना. धोंडू तांडेल माझ्याकडे बघतोय, मी कुलपाकडे बघतोय. शेवटी एका म्हातारीने केसातला आकडा काढून दिला. भोकातून एवढं कुंकू निघालं, एवढं, की सगळ्या गल्लीतल्या बायकांनी पुन्हा लावलं.”

“मुद्द्यावर या,” विजयकर म्हणाले. “तुम्ही दररोज दहा वाजता पिंजऱ्यात हजर होतात. मस्टरवर सह्या आहेत. एकाच वेळी समुद्रात आणि पिंजऱ्यात कसे?”

हा प्रश्न येणार हे लवूला ठाऊक होतं. उत्तर तयार होतं. प्रश्नापेक्षा चांगलं होतं.

“पहाटेच्या भरतीला सुटायचं साहेब, आणि साडेनऊला धक्क्याला. अंघोळीला वेळ कुठला? कोट चढवायचा आणि पळायचं. म्हणून तर तक्रार आली होती. रांगणेकर साहेबांना विचारा.”

रांगणेकरांनी चष्मा काढला. “आली होती,” ते नाइलाजाने म्हणाले. “एक पेन्शनर आले होते. बँकेच्या नोटांना मासळीचा वास येतो म्हणून. नोट चिमट्यात धरून आणली होती त्यांनी. चिमटा घरचा.”

“बघा,” लवू म्हणाला.

ओल्या नोटांचा वास कॅशियरला लागतो की कॅशियरचा वास नोटांना, हे काही मस्टरवर लिहिलेलं नव्हतं. विजयकरांनी कागदावर फुली मारली. लवूला हुरूप आला. आजवर पिंजऱ्याच्या जाळीतून कधी कुणी त्याचं ऐकून घेतलं नव्हतं. आणि इथे समोर तीन पुरती तोंडं होती, मानेपासून केसांपर्यंत.

“पाटी बघून काय झालं सांगू? मढचे नाखवे होड्या जवळ आणायला लागले. ‘ओ बँकवाले, पैसे घेताव काय?’ मी म्हटलं, घेतो, पण पासबुक ओलं करायचं नाही. भर समुद्रात खाती उघडली, साहेब. एक म्हातारा पोहत आला. दातांत नोट.”

“मढची आठ खाती उघडली खरी,” रांगणेकर पुटपुटले. “मी विचारच करत होतो, मढला आपली जाहिरात पोचली कशी.”

“भरती-ओहोटीने पोचली. मग दारूबंदीची लाँच आली. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. होडीत कोळी असतो, जाळं असतं, पण कोट-टोपीवाला माणूस कशाला? अधिकारी पंजाबी, हा उंच. म्हणाला, ‘ये कोटवाला कौन है?’ मी म्हटलं, बँक. म्हणाला, ‘बँक तो जमीन पे होता है.’ मी म्हटलं, ‘साहेब, मछली इनकी, इंजिन बँक का, और बँक आपका-हमारा. सहकारी है.’ त्याने कुलूप बघितलं. ‘इसमें क्या छुपाया है?’ मी ठराव काढून दाखवला. भिजलेला, पण विजयकर साहेबांची सही स्पष्ट. त्याने सही बघितली आणि सलाम ठोकला.”

“मला?” विजयकरांनी विचारलं.

“सहीला. मग लाँच बाजूला लावून हळूच विचारतो, मोटारसायकलसाठी कर्ज किती मिळतं?”

भाऊसाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आज त्याला मिरची कारण नव्हती. “रांगणेकर,” ते म्हणाले, “असा माणूस तुम्ही बारा वर्षं जाळीत कोंडून ठेवलात?”

लवूने ते ऐकलं. त्याच्या कानशिलांत ऊब आली. खुर्ची, तिच्यासमोरची दुसरी खुर्ची, टेबलावरचा टाक, सगळं त्याला दिसलं. आणि नेमका त्याच वेळी दार उघडून शिपाई आत आला.

“साहेब, वेसाव्याची बाई आलीय हप्ता भरायला. कॅशियर इकडे आहेत, म्हणून पिंजरा बंद आहे. थांब म्हटलं तर थांबत नाही.”

आणि शिपायाच्या मागून जानकी आत आलीसुद्धा. हिरवं लुगडं, डोक्याला फूल, कमरेला नोटांची चंची. टोपली बाहेर ठेवली असली तरी टोपलीतलं बरंचसं तिच्याबरोबर आत आलं. रांगणेकरांनी खिडकी उघडली.

“या, या,” भाऊसाहेब म्हणाले. “तुमच्याच होडीची गोष्ट चाललीय. बसा. धुरींचं झालं की हप्ता घेतील.”

“होरीची गोष्ट?” जानकीने लवूकडे पाहिलं. “कोन सांगतंय?”

“हे सांगतायत.”

“मंग ऐकली पायजे,” ती म्हणाली आणि दाराशी भिंतीला टेकून खालीच बसली, गालाला हात लावून.

लवूने कोटाचं वरचं बटण सोडलं. शहाण्या माणसाने इथे खोकला काढला असता, पाणी मागितलं असतं, लाँचच्या सलामावर गोष्ट संपवली असती. पण अध्यक्ष पुढे झुकले होते. विजयकरांनी टाक खाली ठेवला होता. कर्जखात्याचं टेबल वीतभर लांब होतं, आणि बारा वर्षांनी वीतभर अंतरावरून मागे फिरायला लवू तयार नव्हता. त्याने जानकीकडे एकदा नजर टाकली. तिच्या डोळ्यांत हसू होतं. ती सांभाळून घेईल, असं त्याला वाटलं. तीही काही कमी बोलकी नव्हती.

“मग ते तुफान आलं,” तो म्हणाला.

“कंचं?” जानकीने विचारलं.

“दिवाळीनंतरचं.”

“हां,” ती म्हणाली.

“आभाळ असं काळं, जशी तव्याची मागची बाजू. वारा एकदम पडला. मग उठला तो उलटा. मढच्या किल्ल्याएवढी लाट, साहेब. किल्ल्याएवढी म्हणतोय, बुरूज धरून.” सांगताना लवूने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि त्याचा चेहरा खरोखरच पिवळा पडला होता. भाऊसाहेबांना वाटलं, काय हा माणूस रंगतो. “होडी वर गेली की अंधेरी स्टेशन दिसायचं. खाली आली की नुसतं पाणी. जाळं तुटलं. शीड फाटलं. आता इंजिनाशिवाय दुसरा आधार नाही. आणि इंजिनाला कुलूप.”

“आणि चावी तुमच्या गळ्यात,” भाऊसाहेब म्हणाले.

“माझ्या गळ्यात. म्हणून म्हणतो, ठराव करणाऱ्यांनी विचार करूनच केला होता. मी चावी दातांत धरली. एका हाताने साखळी, एका हाताने कुलूप. उघडलं. हँडल मारलं. पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला भडभड करून सुरू.”

“आणि तो तांडेल? तो काय करत होता?” विजयकरांनी विचारलं. सवयीने त्यांनी साक्षीदारातली फट शोधली होती.

लवूला तांडेलाचा विसर पडला होता. गोष्टीत दोन माणसं एका होडीत असली की एक जण वीर होतो, आणि दुसऱ्याला काहीतरी काम द्यावं लागतं. घाईघाईत त्याच्या तोंडून पहिलं आलं तेच निघून गेलं.

“तांडेल? त्याचं धैर्य सुटलं, साहेब. डोलकाठीला मिठी मारून रडत बसला बिचारा. म्हणाला, आता काही खरं नाही. मग सुकाणूही मीच धरलं आणि...”

“कोन रडला?”

आवाज मोठा नव्हता. जानकीने गालाचा हात काढला होता.

“बाई, मध्ये बोलू नका,” विजयकर म्हणाले.

“मधी नाय, शेवटालाच बोलतंय. हा आता गप ऱ्हानार हाय.” ती उठून उभी राहिली. “लाँच, म्हाताऱ्याच्या दातांतली नोट, वेसाव्याला बी बोलला, मी हासली. हितं बोलला असंल तं मी नव्हती, पन हासली असती. खोट्याचं मना काय नाय. पन माझा घो दर्यात रडला, असं चार मानसांत बोलायचं नाय. त्याचा बाप दर्यात गेला तवा बी तो होरीवर रडला नाय. किनाऱ्याला येऊन रडला.”

“जानकीबाय,” लवू म्हणाला.

“गप रे. हा होरीत व्हताच कवा? पैल्या दिसाला बसला, कुलपाचा कुंकू काढून. खाडीच्या तोंडाला लाट लागते नाय लागते, तं ह्यानं पोटातला सगला काढला. डोले पांढरे. धोंडूनं होरी मागं फिरवली. सगल्या होऱ्या पुढं, नि आमचीच एक किनाऱ्याला, सनाच्या दिवशी. लोक हासलं. हा उतरला नि कमरंएवढ्या पान्यात उभा ऱ्हायला, कोट भिजलेला. बोलला, पुन्ना चला, मी बसतंय. धोंडू बोलला, तू मरशील. बोलला, मरंन, पन ठराव हाय.”

भाऊसाहेबांनी हातातलं पान डब्यात परत ठेवलं.

“मंग काय त्याच्या डोक्यात आला कोन जाने. गल्यातली चावी काढली नि माझ्या हातात दिली. बोलला, ‘तुफानात हँडल मारायची येल आली नि चावीवाला अंधेरीला बसलेला असला, तं तुमी हाक कुनाला मारनार? चावी होरीवाल्याकडंच पायजे.’ मी बोलली, नि तुझी नोकरी? बोलला, ‘ती माझी मी बगतंय.’” जानकीने लवूकडे पाहिलं. तिच्या आवाजातला राग आता थोडा उतरला होता. “नि ही अशी बगतंय. तुफान आला व्हता. खरा आला व्हता. धोंडूनं हँडल मारला नि होरी घरी आनली. पाच मानसं व्हती तीत. हा तवा गुंदवलीला झोपला व्हता, नि त्याच्यामुलंच ती पाच मानसं जगली. एवढं सांगायचं सोडून किल्ला काय, नि लाँच काय.”

विजयकरांनी टाक उचलला. “म्हणजे पहिल्या दिवसापासून चावी बँकेकडे नव्हती.”

“नव्हती,” लवू म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. आता त्याचा आवाज गोष्ट सांगतानाच्या आवाजापेक्षा खाली होता आणि त्यात कसलाही सूर नव्हता. “आणि उद्या दुसऱ्या होडीचं कर्ज आलं तर तिची चावीही मी होडीवाल्यालाच देईन. जागा कुणालाही द्या, साहेब. त्यालाही हेच सांगा.”

“धोंडूचं काय ते बोल,” जानकी म्हणाली.

“तांडेल रडला नाही. ते मी जोडलं.”

“बस.”

भाऊसाहेबांनी डबा बंद केला. “आता कुठे आहे ती चावी?” त्यांनी विचारलं.

“दर्यात धोंडूकडं, घरात माझ्याकडं.” जानकीने गळ्यातला काळा दोरा लुगड्याबाहेर ओढला. त्यात पितळी चावी होती, खाऱ्या हवेने हिरवी पडलेली, दाते मात्र घासून लख्ख. तिने दोरा डोक्यावरून काढला आणि चावी तळहातावर घेऊन हात टेबलावर ठेवला.

“दोन हप्ते ऱ्हायलेत, आजचा धरून,” ती म्हणाली. “बँकेचा कुलूप, बँकेची चावी. पायजे तं घ्या.”

विजयकरांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी रांगणेकरांकडे. रांगणेकरांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. तो काळा, खवल्यांचा हात टेबलावर उघडा होता, आणि तिघांपैकी कुणीही आपला हात पुढे केला नाही.